आवाज मोजायला निघालेली ताई

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आपला फोन माझ्या ताईच्या तोंडासमोर धरला आणि ताप मोजून सांगावा तसं म्हणाले, "बहात्तर!"

फोनच्या पडद्यावरचा काटा हलत होता तो त्यांच्याच आवाजाने. "बहात्तर" म्हणताना तो ऐंशीच्या घरात गेला, हेही त्यांना दिसलं नाही.

"अहो, गाण्याचा सेट बंद आहे," मी म्हणाले. "तुम्ही आत्ता स्वतःलाच मोजताय."

"हे आत्ताचं नाही. हे काल दुपारचं. खालच्या सिस्टरच्या बेडरूममध्ये मी स्वतः उभं राहून मोजलंय. बेडरूममध्ये बहात्तर डेसिबल म्हणजे कारखानाच झाला की!"

कारखाना म्हणजे काय ते यांनी आमच्या ताईला शिकवायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईचा सगळा जन्म छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात गेला. हे गृहस्थ आयुष्यभर गालिचा घातलेल्या ऑफिसात बसले आणि आता जिन्यातल्या दिव्यांवर राज्य करतात. सोसायटीत त्यांना सगळे 'नियमावली' म्हणतात, तोंडावर नाही, एवढंच.

नियमावलींचं म्हणणं थोडक्यात असं: तक्रार आली आहे, रविवारी कमिटी बसणार, तोवर काही केलं नाही तर ताईने घरातले स्पीकर काढायचे. गाणं ऐकायचंच असेल तर हेडफोन लावून ऐकायचं. एवढं बोलून ते फोन खिशात घालून खाली गेले, आणि ताई मला म्हणाली, "काय म्हणत होते? पुटपुटतात नुसते."

मी सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं. ताईशी बोलायचं म्हणजे सभा घ्यावी लागते, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. ती म्हणायची, तुम्ही सगळे दातांत बोलता. आम्ही म्हणायचो, तुझं लक्ष नसतं. त्यावर कुणी कधी जास्त विचार केला नाही.

ताईची बाहेरची खोली बघितली की कुणालाही कळावं की इथे काय महत्त्वाचं आहे. एक खुर्ची. खुर्चीसमोर दोन लाकडी स्पीकर, मधल्या बुटक्या कपाटावर ॲम्प्लिफायर आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. आल्यागेल्याला बसायला खाट, तीही भिंतीला सरकवलेली. ताईने लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायची, "पाळी बदलून मिळाली नाही." नोकरी संपल्यावर हातात आलेल्या पैशांतून तिने हा सेट घेतला, तेव्हा नातेवाईकांनी काय काय तारे तोडले ते सांगायला बसले तर दुपार जाईल. म्हातारपणाची सोय करायची सोडून हे काय खूळ? मामेभाऊ तर म्हणाला, "एवढ्यात सोन्याची बांगडी आली असती." त्याला मी विचारलं, "बांगडी गाते का?" तेव्हापासून आमचं बोलणं बेताचंच आहे.

ताईची एक गायिका आहे. ताई तिचं नाव घेत नाही, नुसतं 'बाई' म्हणते. "आज बाईला लावलं होतं." "बाईचा आवाज आज काय मोकळा होता!" छापखान्यात असताना तिला बाई फक्त सुट्टीच्या दिवशी भेटायची, तीही शेजारच्या घरातल्या रेडिओवर, भिंतीपलीकडून. तिला बाई समोर उभी राहून गायला हवी होती. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, हात पुढे केला तर पदराला लागेल इतकी जवळ. हेडफोनचं नाव काढलं की ती चिडायची. "बाई माझ्या डोक्यात शिरून गाते की काय! तिला समोर उभी राहू दे."

आता तिची सेट लावायची तऱ्हा सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. छापलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालणारं जे मशीन असतं, त्यावर ताई होती. तशी सहा मशीनं एका हॉलमध्ये. कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथल्या बायका मशीन नीट चाललंय की नाही हे कानाने नाही, तर हाताने ओळखायच्या. मशीनच्या अंगावर नुसती बोटं नाही, अख्खा तळहात ठेवायचा. थरथर सारखी लागली की ठीक. मध्येच अडखळली की कुठेतरी कागद अडकलाय. ताई यात पटाईत होती. नव्या बायकांचे हात धरून धरून तिने त्यांना ती थरथर शिकवली होती.

घरीही ती तेच करायची. तबकडी लावायची, डाव्या हाताचा तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवायचा आणि उजव्या हाताने आवाजाचं बटण फिरवत जायचं. हाताला हवी तशी थरथर लागली की बटण सोडायचं आणि खुर्चीत जाऊन बसायचं. बघणाऱ्याला वाटावं, जनावराला थोपटतेय. मला त्याचं कौतुकच होतं.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांची रात्रपाळी असली की त्या दुपारी झोपतात. आधीची कितीतरी वर्षं त्यांची काही तक्रार नव्हती. ताईने सुताराकडून स्पीकरची नवी खोकी करून घेतली आणि तक्रारी सुरू झाल्या. माझ्या मते सिस्टरना ताईचं नवं लाकूड डोळ्यांत खुपत होतं. असं मी चारचौघांत बोललेही.

नियमावली गेल्यावर मी माझा फोन काढला, तेच ॲप उतरवून घेतलं आणि पंखा पूर्ण सोडून मोजलं. माझ्या फोनने साठ सांगितलं. शेजारणीच्या फोनने एकोणपन्नास. तिच्या मुलीच्या फोनने अडुसष्ट. एक खोली, एक पंखा आणि तीन तऱ्हा! फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज तो स्वतःच दाबतो, बारीक आवाज स्वतःच उचलतो, हे मला नंतर कळलं. पण असल्या खेळण्यावर ताईचं गाणं बंद करायला निघालेत, या विचारानेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आपण खरं मीटर आणू," मी ताईला ओरडून सांगितलं. "आणि त्यांच्या तोंडावर मारू."

"तोंडावर नको," ताई म्हणाली. "महाग असेल."

आधी आम्ही मोठ्या ऑडिओच्या शोरूममध्ये गेलो. काचेचं दार, आत थंडगार हवा आणि गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण. मी म्हटलं, आवाज मोजायचं मीटर हवंय, घरातल्या सेटसाठी, परवडणारं. त्याने ताईच्या चपलांपासून वर बघत विचारलं, "घरासाठी? काकू, फोनवर ॲप असतं." परत ॲप! मी म्हटलं, ॲपमुळेच इथवर आलोय. मग त्याने एक कॅटलॉग उघडून प्रयोगशाळेतलं यंत्र दाखवलं. त्याच्या किमतीत ताईचा अख्खा सेट आला असता. त्याहून खालचं काही? "त्याहून खालचं म्हणजे खेळणी, आम्ही ठेवत नाही." म्हणजे एक तर फुकटचं खोटं घ्या, नाहीतर घर गहाण टाकून खरं घ्या. मधल्या माणसांनी काय कान मिटून बसायचं? हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, आवाज हळू."

तिथून आम्ही बाजाराच्या मागच्या बोळात गेलो. तिथे विजेची मीटरं, वजनकाटे, थर्मामीटर असलं मोजण्याचंच सामान विकणारं एक दुकान आहे. दुकानदार पोट सुटलेला, निवांत माणूस. त्याने तीन मीटरं काउंटरवर मांडली आणि पहिलं, पेनाएवढं होतं ते, स्वतःच बाजूला सारलं.

"हे पन्नासच्या खाली वाचत नाही. खालच्या बेडरूमचं भांडण आहे म्हणालात ना? तिथे शांतता असली तरी हे पन्नासच दाखवत बसेल. तुम्ही फुकट हरणार."

मला तो माणूस लगेच आवडला. दुसरं मीटर तीसपासून वाचणारं होतं. त्यावर 'ए' आणि 'सी' अशी दोन बटणं, काटा हळू हलावा की झटपट हे ठरवायचं एक बटण आणि सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवायचं एक. तळाला तिपाईवर बसवायला आटे. किंमत ताईच्या दोन तबकड्यांएवढी. तिसरंही तसंच होतं, पण आकडे काँप्युटरवर उतरवणारं, म्हणून महाग.

"ए आणि सी म्हणजे?" मी विचारलं.

"ए लावलं की माणसाच्या कानाला वाटतं तसं मोजतं, घुमणारा जाड आवाज कमी धरतं. सी लावलं की घुमण्यासकट. कमिटीसमोर ए. घरी दोन स्पीकर एकमेकांशी जुळवायचे असतील तर सी. आणि काटा हळूवर ठेवा, नाहीतर गाण्याबरोबर नाचेल आणि काही वाचता येणार नाही."

"खोटं तर नाही ना सांगणार?"

"दोन इकडे दोन तिकडे. सगळ्यांचंच तसं. वीसचा फरक नाही पडायचा."

ताईने इतका वेळ त्याच्या ओठांकडे बघत मान डोलावली होती. आता ती पुढे झाली. त्याच जातीची तीन मीटरं काढायला लावली, काउंटरवर ओळीने उभी केली, दुकानातला टेबलफॅन लावला आणि तिन्हींचे आकडे वाचले. दोन सारखी निघाली, एक तीनने पुढे. दोनातलं एक तिने उचललं. दुकानदार बघतच राहिला. मी अशी फुगले की जणू मीच शोध लावला होता.

मीटरच्या टोकाला काळ्या स्पंजचा गोळा होता. तो बघून ताईला एकदम हसू आलं. "अगं, हे तर आमच्या छापखान्यात यायचं! वर्षातून एकदा एक साहेब यायचे, हातात असलंच काहीतरी काळ्या बोंडाचं घेऊन. आम्हाला वाटायचं, रेडिओवाले आहेत, आमचा आवाज घेऊन जातात. नव्या बायका केस नीट करून यायच्या. मी तर एकदा त्याच्यात 'नमस्कार' म्हटलंय!"

दुकानदार हसला. मीही हसले.

"त्या दिवशी हॉलमध्ये काय बरं वाटायचं," ताई म्हणाली. "तेल घालायचं म्हणून सहातली चार मशीनं बंद असायची. बोललेलं ऐकू यायचं चक्क."

आम्ही मीटर घेऊन घरी आलो. दोन दिवस ताईने घरातलं काही मोजायचं ठेवलं नाही. नळ, मिक्सर, दाराची कडी. मला समोर बसवून बोलायला लावलं आणि आकडा बघून म्हणाली, "तू नेहमी अठ्ठ्याहत्तरला असतेस." मी म्हटलं, तुझ्याचमुळे. फक्त सेट तिने मोजला नाही. मी खनपटीला बसले, आधी आपण बघून ठेवू, पण ती ऐकेना. "परीक्षेच्या आधी पेपर फोडायचा नाही. सगळ्यांच्या समोर मोजू. मी रोज लावते तसंच लावणार, एक केसभर कमी नाही. म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको."

अशी ती. छापखान्यात शेवटच्या दिवशीही तिने वेळेआधी मशीन सोडलं नव्हतं.

रविवारी सकाळी नियमावली आले, कमिटीचे आणखी दोघे आले आणि सिस्टर आल्या. सिस्टरना मी मुद्दाम पाणीही विचारलं नाही. ताईने मीटर तिपाईवर चढवून आपल्या खुर्चीत, डोकं येतं त्या उंचीवर उभं केलं. ए, हळू, सगळं दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे. मी नियमावलींना बजावलं, "हे तुमच्या फोनसारखं नाही. हे जे सांगेल ते तुम्हाला मान्य करावं लागेल." ते म्हणाले, "अवश्य. तुम्हालाही."

ताईने तबकडी लावली. तळहात खोक्यावर ठेवला. बटण फिरवायला लागली.

आवाज भरला, मग खोली भरली. मग खिडकीची काच बारीक खडखडायला लागली, आणि ताई अजून फिरवतच होती. मी आले की ती सेट बंद करायची, बोलता यावं म्हणून, त्यामुळे तिचं हे लावणं मी नव्या खोक्यांवर कधी ऐकलंच नव्हतं. कमिटीचे दोघे दाराकडे सरकले. नियमावलींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माझेही हात वर गेले आणि मी ते लाजेने खाली घेतले. ताईने बटण सोडलं, भिंतीला टेकून डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला तिच्याकडे बघवेना.

मीटरवर एक्याण्णव होतं.

मी सेट बंद केला आणि पहिलं वाक्य बोलले ते हेच की मीटर बिघडलेलं आहे, दुकानदाराने तोंडाला पानं पुसली. ताई म्हणाली, "मी तपासून आणलंय ते." आणि स्वतः वाकून आकडा वाचला. दोनदा वाचला. मग सिस्टरना म्हणाली, "एवढा मोठा लागतो? खरंच?"

नियमावली तोंड उघडणार होते. सिस्टरनी हाताने त्यांना थांबवलं. त्या ताईच्या अगदी समोर आल्या, तिला आपले ओठ दिसतील अशा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही हात ठेवून काय बघत होता?"

ताईने सांगितलं. थरथर. मशीनची, मग जुन्या खोक्यांची. जुनी खोकी पातळ फळीची होती, थोड्या आवाजातही हाताला लागायची. नवी सुताराने इंचभर जाड लाकडाची केली होती, आतून आडव्या पट्ट्या मारून, कापूस भरून. देताना छाती फुगवून म्हणाला होता, हात ठेवून बघा, हलायची नाहीत. आणि खरंच हलत नव्हती. ताई हाताला थरथर लागेपर्यंत बटण फिरवत होती, आणि सुतार आपलं काम चोख करून बसला होता.

"पण कानाला कळत नाही का, मोठं झालंय म्हणून?" नियमावलींनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना एकदम कळलं. सिस्टर मला म्हणाल्या, "यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. उद्याच न्या." मी त्यांच्याबद्दल काय काय बोलले होते ते त्यांच्या कानावर नक्की गेलेलं असणार, तरी त्या तेवढंच बोलल्या.

डॉक्टरांनी ताईला काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होते. बोट बराच वेळ खालीच राहायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, बारीक, वरचे आवाज दोन्ही कानांतून गेलेत, उजव्यातून जास्त. मशीन तुमच्या कुठल्या बाजूला असायचं? ताईने उजवा हात वर केला. गेलेलं परत येत नाही, ते म्हणाले. कानात लावायचं यंत्र देतो, माणसांचं बोलणं थोडं सुधारेल, गाण्याचं खात्रीने सांगत नाही. हेडफोन अजिबात नको. आणि नव्वदमध्ये रोज बसत राहिलात तर उरलंय तेही जाईल.

म्हणजे आता भांडण सिस्टरशी राहिलंच नव्हतं. बाई समोर उभी करायची तर तिला हळू गायला लावायचं, एवढाच रस्ता उरला होता.

दवाखान्याचा जिना उतरताना मला ते काळं बोंड आठवलं आणि मी मध्येच थांबले. वर्षातून एकदा साहेब. सहातली चार मशीनं बंद. तेल घालायचं म्हणून! दरवर्षी, बरोबर त्याच दिवशी तेल घालायची आठवण व्हायची यांना! आणि या बायका केस नीट करून उभ्या. मी ताईला ते ओरडून सांगितलं. तिने कठडा धरला आणि नुसतं म्हणाली, "मी त्यांना चहा नेऊन दिला होता गं."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन छापखान्यात गेले. मॅनेजर नवा, गुळगुळीत दाढीचा. खुर्च्या दिल्या, पंखा लावला. मी सगळं सांगितलं, काही म्हणून हातचं राखलं नाही. ऐकून घेतलं त्याने. मग अगदी हळू, सुसंस्कृत आवाजात म्हणाला, "आमच्याकडे दरवर्षी सरकारी मोजणी होते. आकडा दरवर्षी मर्यादेत आहे. आता तुम्हीच म्हणता की ताई घरी नव्वदवर गाणी ऐकतात. मग कान कशाने गेले असतील?"

चोरी करायची, वर साक्षीदार म्हणून चोरी झालेल्यालाच उभं करायचं! कान गेले म्हणून आवाज मोठा, आणि हा म्हणतो आवाज मोठा म्हणून कान गेले. आणि ते नव्वद त्याच्या हातात नेऊन दिलं ते मीच, स्वखुशीने.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाला?"

त्याचं हळू बोलणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्याच ताईचा अपमान मला तिच्या कानात ओरडून पोचवायचा होता. मी ओरडले. शब्दन्‌शब्द. बाहेरच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आवाज." मी म्हटलं, "मोजा! तुमच्याकडे मोजणारे आहेत ना? चार मशीनं बंद ठेवून मोजा!"

हॉलमध्ये आम्हाला जाऊ दिलं नाही. बाहेरच्यांना उपकरण आत नेता येत नाही म्हणे. मग आम्ही इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो, जिथे हॉलच्या उंच खिडक्या आहेत. ताईने पिशवीतून मीटर काढलं आणि भिंतीपासून हातभर अंतरावर धरलं. भिंतीच्या बाहेर, गल्लीत, चौऱ्याऐंशी. जेवणाची सुट्टी झाली तशा बायका बाहेर आल्या, खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या, आणि एकमेकींशी हाका मारल्यासारख्या बोलत होत्या. एकीने ताईला ओळखलं. ताईने तिला जवळ बोलावून विचारलं, "तो बोंडवाला साहेब अजून येतो?" येतो म्हणाली. "तेव्हा मशीनं बंद असतात?" ती म्हणाली, "चार. तेल घालायला."

आता कामगार कचेरीत अर्ज दिला आहे. तो साहेब कोणत्या खात्याचा, मोजणी आधी कळवून का करतात, हे सगळं मी लिहून विचारलं आहे. पुढची तारीख दिली आहे. मी जाणार, तारीख देतील तितक्या वेळा जाणार आणि मोठ्याने बोलणार. गल्लीत भेटलेली ती कामगार साक्ष द्यायला येईल का, माहीत नाही. तिला तिथेच नोकरी करायची आहे.

सेटचं मात्र ठरलं. परवा दुपारी सिस्टर वर आल्या, मी त्यांना आधी चहा दिला. मग त्या मीटर घेऊन आपल्या बेडरूममध्ये गेल्या आणि मी वर बटणाशी बसले. खालून त्या फोनवर सांगत होत्या, अजून थोडं, अजून थोडं कमी. डॉक्टरांचं सांगणं आणि सिस्टरची झोप, दोन्ही जिथे जमले तिथे मी बटणाच्या कडेला पेन्सिलने खूण केली. खुर्चीपाशी पंचावन्न. ताई स्पीकरजवळ गेलीच नाही. कानात नवं यंत्र घालून ती खुर्चीत नीट बसली, हात मांडीवर घेतले, चष्मा पुसून पुन्हा लावला. मी बाईची तबकडी लावली.

काय स्वच्छ लागलं होतं! सुताराला मानलं मी. बाई खरोखरच दोन स्पीकरच्या मध्ये उभी होती, श्वास घेतलेला कळत होता.

ताई समोर बघत होती. बोटाने मांडीवर ठेका धरला होता, आणि तो बरोबर होता.

"तबला छान येतोय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "बाई कधी सुरू करणार गं?"

बाईचं दुसरं कडवं चाललं होतं.